वाळूतले बिऱ्हाड

बदलीची नोकरी माणसाला दोन गोष्टी शिकवते असे म्हणतात: सामान थोडे ठेवावे आणि जीव कशातही फार गुंतवू नये. त्यांपैकी पहिली मला कधीच साधली नाही. दुसरी साधली आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. तंजावरास असताना मी घरात समुद्र पाळला आणि त्या समजुतीचा निकाल लागला.

समुद्र म्हणजे केवढा? चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी एक काचेची पेटी. तीत सुमारे अडीचशे लिटर पाणी, आणि लिटरला पस्तीस ग्रॅम ह्या हिशेबाने पावणेनऊ किलो मीठ. परंतु एवढ्याशा समुद्राने मला जेवढे नमवले, तेवढे पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही वरिष्ठाला साधले नाही.

मी मूळचा मालवणचा. आमच्या घरी माशाविषयी दोनच प्रश्न विचारले जात: कधीचा आहे, आणि कसा करायचा? जिवंत मासा नुसता पाहण्यासाठी असतो, हे मला प्रथम कळले ते शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेलो तेव्हा. चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. आम्ही गेलो तेव्हा ते चांगले भरभराटीत होते. काचेपलीकडे एक रंगीत मासा माझ्याकडे तोंड करून स्तब्ध राहिला होता. मास्तरांनी दंडाला धरून ओढले म्हणून मी पुढे सरकलो. एरवी आजही तेथेच उभा असतो.

२०१६ च्या जून महिन्यात तंजावरच्या बदलीचा हुकूम आला. मराठी माणसाला तंजावर म्हटल्यावर जे आठवायचे, ते मलाही आठवले: व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या प्राकारात १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास. पण खरे सांगायचे तर माझा पहिला प्रश्न होता, की तेथून समुद्र किती लांब? उत्तर मिळाले: मल्लीपट्टणम, साठ-पासष्ट किलोमीटर. कावेरीच्या त्या हिरव्यागार भातशेतीच्या मुलखात माझ्यासारख्याला हे अंतर फार होते. घरी समुद्र आणण्याची कल्पना बहुधा ह्या अंतरातूनच निघाली असावी.

आमचे घरमालक रावसाहेब तंजावरचे जुने मराठी गृहस्थ. वय ऐंशीच्या घरात. त्यांची मराठी एखाद्या बखरीतून उठून आलेली आणि वाटेत तमिळीचा पदर धरलेली. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांना अर्धेच समजत होतो; उरलेले अर्धे हसून भागवत होतो. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष राजांच्या कारभारात कारकून म्हणून देशावरून आला होता. मी एकदा परमुलुखातल्या नोकरीविषयी कुरकुर केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आम्हीही बदलीवर आलेलीच माणसे. परतीचा हुकूम तेवढा निघाला नाही."

त्यांनीच आम्हांला मल्लीपट्टणमजवळचा मनोरा दाखवला. इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला त्याच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास पाल्कच्या उपसागराकाठी बांधलेली ही षट्कोनी, आठ मजली वास्तू. जेथून फ्रान्सचा किनारा हजारो मैल दूर, तेथे उभे राहून नेपोलियनच्या पराभवाचा आनंद मानावा लागणे, ह्यातले दुःख परक्याच्या हुकमतीत नोकरी केलेल्याला सांगायला नको. गंमत अशी, की पुढे मी ज्या माशांच्या नादी लागलो त्यांच्या कुळातही एक नेपोलियन आहे. कपाळावरच्या उंचवट्यामुळे त्या सम्राटाच्या टोपीची आठवण व्हावी असा हा मासा सहा फुटांहूनही मोठा होतो. बेसुमार मासेमारीने तो इतका विरळ झाला, की २००५ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

ह्या कुळाला इंग्रजीत रॅस म्हणतात. त्यात पाचशेहून अधिक जाती आहेत. शेपटीपेक्षा छातीजवळच्या परांनी वल्हे मारल्यासारखे पोहणे ही त्यांची घराणेशाही रीत. काहींचा जन्म मादी म्हणून होतो आणि पुढे गटातली थोरली मादी नर होते. निसर्गात बढतीचा हा नियम सेवाज्येष्ठतेनेच चालतो, हे वाचून मला आपलेपणा वाटला. ह्या कुळात दिसायला सर्वांत देखणी आणि पाळायला अतिशय नाजूक जी मंडळी, त्यांत बिबळ्या रॅसची गणना होते. शास्त्रीय नाव मॅक्रोफॅरिंगोडॉन ऑर्नेटस. बोटाएवढा जीव, अंगावर ठिपक्यांची नक्षी. माझ्या मुलीने चित्र पाहताक्षणी तिचे नाव ठेवले: बिबळी.

तरंगंबाडी तंजावरपासून फार दूर नाही. तेथे डॅनिशांच्या वसाहतीत योहान नावाचे एक मिशनरी राहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ह्या किनाऱ्यावरचे मासे बर्लिनच्या ब्लॉख ह्या मत्स्यशास्त्रज्ञाकडे पाठवीत. आपल्याकडे ज्याला ढोमा म्हणतात त्या माशाच्या प्रजातीला ब्लॉखने ह्या मिशनऱ्याचे नाव दिले. आजही ती जॉनियस म्हणून ओळखली जाते. पण ते मासे बर्लिनला पोचत ते मेलेले. समुद्रातला मासा घरात जिवंत ठेवण्याची विद्या त्यानंतर अर्ध्या शतकाने आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस ह्यांच्या पुस्तकाने इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांचे वेड पसरवले. आपण आणलेले पाणी हेही एक सजीवच आहे, एवढे ते वेडे लोक शिकले.

मला ते शिकायला वर्ष लागले. पेटीत पाणी भरले की मासे सोडावेत, अशी माझी भाबडी समजूत होती. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया होतो. तो विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने निरुपद्रवी. ह्या दोन्ही जिवाणूंनी खडकांवर आणि वाळूत बिऱ्हाड थाटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामी ठेवावी लागते. रोज संध्याकाळी मी त्या निर्जन पाण्यासमोर खुर्ची टाकून बसे. शेजारी चहा घ्यायला येत, पेटीकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत.

पाणीही मनोऱ्याच्या किनाऱ्यावरून पिंपात भरून आणायचा माझा बेत फसला. तो उपसागर उथळ आणि गढूळ. ईशान्य मोसमी पावसात त्याचा खारटपणाही उतरतो. शेवटी गाळलेल्या गोड्या पाण्यात तयार समुद्री मीठ कालवावे लागले. जिवंत प्रवाळ ठेवण्याचा मोह होता. पण आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा साध्या कोरड्या दगडांवर भागवले. तंजावरचा उन्हाळा अडतीस-चाळीस अंशांचा, आणि ह्या माशांना एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून पाणी थंड करणारे यंत्र आले. त्यासाठी दिवाणखान्यातला वातानुकूलक रद्द झाला. सौ. म्हणाली, "माशाला गारवा आणि माणसाला पंखा!" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय पाण्याची वाफ होऊन जाते, पण मीठ मागे राहते. वेदारण्यमच्या मिठागरात जे मुद्दाम करतात ते येथे चोरपावलांनी घडते. म्हणून रोज दोन-तीन लिटर गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे.

सौ. पुण्याची, शाकाहारी. तिच्या शीतकपाटात गोठवलेल्या बारीक कोळंबीचा डबा ठेवण्यास परवानगी मिळवताना मला खात्यातल्या कोणत्याही मंजुरीपेक्षा जास्त टिपणे सादर करावी लागली. बिबळ्या रॅसच्या घशात दातांच्या पट्ट्या असतात. दगडांवरचे अगदी सूक्ष्म कवचधारी जीव टिपून तो दिवसभर चरत असतो. एकदा पोटभर जेवून स्वस्थ बसणे त्याच्या प्रकृतीत नाही. म्हणून पेटी निदान सहा महिने मुरलेली हवी, म्हणजे असे जीव तीत आपोआप वाढतात. आणि वर दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे अन्न. मी कचेरीत असताना ते काम सौ.च करू लागली. तिने तक्रार केली नाही. फक्त चमचा वेगळा ठेवला.

पहिली बिबळी २०१७ च्या सप्टेंबरात आली. चेन्नईच्या कोळत्तूर भागातला शोभिवंत माशांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिकडच्या एका व्यापाऱ्यामार्फत ती बालीच्या समुद्रातून आली होती. पिशवीतून सोडताच तिने वाळूत सूर मारला आणि ती दिसेनाशी झाली. ह्या माशांची ही रीतच आहे. ते रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतात आणि भ्याले तरी वाळूतच जातात. त्यासाठी दोन-तीन इंच जाडीचा थर लागतो, आणि वाळू शिऱ्याच्या रव्याएवढी बारीक. खडे असले तर तोंड आणि अंग सोलून निघते. हे सारे मी वाचले होते. तरी तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. मेली असेल, सडत असेल, पाणी नासेल, असे शंभर विचार आले. मी लाकडी पट्टीने वाळू उकरली.

ती जिवंत होती. एखाद्याला गाढ झोपेतून ओढून काढावे तशी ती वर आली, काचेवर दोनदा आपटली, आणि जाळीचे झाकण मी बाजूला काढून ठेवले असल्यामुळे सरळ बाहेर उडाली. आम्ही तिला उचलून पाण्यात सोडले. पण रात्री ती गेली. मुलीने मला काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावले, की जातच नाजूक. पण नाजूक म्हणजे काय, ह्याचा मी नीट विचार केला तेव्हा माझी पंचाईत झाली. तो मासा दोन हजारांहून अधिक मैलांचा प्रवास पिशवीतल्या वाटीभर पाण्यात करून जिवंत आला होता. जो जीव एवढे सोसतो तो अशक्त नव्हे. त्याची मागणी एकच होती: काही दिवस मला कोणी पाहू नये. मी नेमके तेवढेच त्याला दिले नाही. मला मासा हवा होता तो दिसण्यासाठी, आणि त्याला जगण्यासाठी न दिसणे हवे होते.

दुसरी बिबळी आणावी की नाही, ह्यावर घरात सहा महिने वाद झाला. रावसाहेब म्हणाले, आणा. चुकलेले गणित पाटी फोडून सुटत नसते. तीही बालीकडचीच. ह्या खेपेस तिला आधी वेगळ्या छोट्या पेटीत ठेवले, रोग असेल तर कळावा म्हणून. अशा पेटीचा तळ एरवी मोकळा ठेवतात. मी मात्र एका पसरट वाडग्यात वाळू भरून ठेवली. तांब्याच्या क्षाराचे औषध ह्या जातीला सोसत नाही, शिवाय वाळू ते शोषून घेते. म्हणून ते वापरले नाही, नुसती नजर ठेवली. नजर ठेवायलाही काही नव्हते, कारण सात दिवस वाडग्यात फक्त वाळूच दिसत होती.

आठव्या दिवशी पहाटे साडेचारला मी पाणी प्यायला उठलो. विजेरीच्या अंधुक प्रकाशात बिबळी वाडग्याभोवती फिरत होती. मग उलगडा झाला. बाली आमच्यापेक्षा छत्तीस रेखांश पूर्वेला. रेखांशाला चार मिनिटे धरली तर तेथील सूर्य सुमारे अडीच तास आधी उगवतो. ही बाई अजून तिकडच्या वेळेने उठत होती आणि दुपारी साडेतीनलाच निजत होती. मला नोकरीची पहिली बदली आठवली. आसामात सहा महिने मी मालवणच्या भरती-ओहोटीचे पंचांग भिंतीवर ठेवले होते. पंधरा-वीस दिवसांत तिचे उठणे हळूहळू तंजावरच्या सकाळीवर आले. कोणी शिकवले नाही, कोणी घाई केली नाही. एके दिवशी कचेरीला निघताना ती काचेशी आली आणि तिचा डोळा माझ्यावर फिरला. हा डोळा मी शाळेत असताना पाहिला होता.

त्यानंतर आले गजा वादळ. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ते नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्यामध्ये किनाऱ्यावर चढले. पट्टुकोट्टै, पेरावुरणीकडच्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनी कोसळले. तंजावर शहरात त्या मानाने निभावले. पण आमच्या गल्लीची वीज अडीच दिवस गेली. हवा गार होती म्हणून पाणी तापण्याचे भय नव्हते; भय प्राणवायूचे होते. पंप बंद, पाणी निश्चल. सेलवर चालणारा एक छोटा पंप रात्रीपर्यंत पुरला. दुकाने बंद. मग तांब्याने पाणी काढायचे आणि परत पेटीत ओतायचे, म्हणजे त्याबरोबर हवा आत जाते. अन्न पूर्ण बंद, नाहीतर अमोनिया वाढतो. मी, सौ., मुलगी आणि रावसाहेब, पाळ्या लावून ओतत होतो. ऐंशी वर्षांचे रावसाहेब मांडीवर पंचा टाकून, कंदिलाच्या उजेडात, अभिषेक करावा तसे पाणी ओतत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतला शिपाई रजेचा अर्ज घेऊन घरी आला. तो पेरावुरणीकडचा. घराचे छप्पर गेले होते, आणि वडिलांनी लावलेल्या चाळीस नारळांपैकी तीन उभे होते. नारळ लावल्यापासून फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. मी तांब्या हातात घेऊन त्याच्यासमोर उभा होतो. एका बोटभर माशासाठी चाललेला तो खटाटोप त्याच्या डोळ्यांनी पाहताना मला अशी लाज वाटली, की अर्ज घ्यायला हात पुढे होईना. तो काही बोलला नाही. थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याने माझ्या हातातून तांब्या घेतला, हात खांद्याच्या वर उचलला आणि उंचावरून बारीक धार धरली. पाण्यात बुडबुड्यांचा झोत उठला. त्याचा भाऊ किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या तळ्यावर कामाला होता. रात्री तेथली पाणी घुसळणारी चाके बंद पडली तर पहाटेपर्यंत सारे तळे मरते, हे त्या घराला ठाऊक होते. "उयरमा, सार," एवढेच तो म्हणाला, उंचावरून, साहेब. मग अर्जावर सही घेऊन गेला.

वीज आल्यावर पहिल्याच गाडीने मी त्याच्या गावी गेलो. तेथे मी काय केले हे सांगण्याजोगे नाही. पडलेल्या झाडांपुढे ते फार थोडे होते. पण तो घरी आला नसता तर मी गेलो असतो का, हा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे. घरात काचेच्या पेटीत एका जिवासाठी जागणारा माणूस बाहेरच्या जिवांसाठी आपोआप जागा होतो, असे काही नाही. तेवढी लाज वाटावी लागते.

बिबळी वाचली. २०१९ च्या मे महिन्यात माझा पुढचा हुकूम आला, जबलपूर. समुद्र बरोबर नेता येत नाही. तिला मनोऱ्यापाशी सोडून द्यावे, असे मुलीला वाटले. पण पेटीत राहिलेला, दूरदेशचा मासा आपल्या समुद्रात सोडला तर त्याच्याबरोबर परके रोगही सुटू शकतात. आणि तोही बहुधा जगत नाही. शेवटी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांकडे तिची सोय लागली. त्यांच्याकडे मुरलेली पेटी होती. मी आमच्या वाळूचे दोन डबे तिच्याबरोबर दिले.

जबलपुरात सामान सोडतो न सोडतो तोच त्यांचा दूरध्वनी आला. मासा सोडताच वाळूत गेला आहे; आज पाचवा दिवस; हलक्या हाताने थोडी वाळू बाजूला करून पाहू का? खोक्यांच्या मधोमध उभे राहून मी त्यांना मोठ्याने, जवळजवळ रागावून सांगितले, की नाही, हात लावू नका. मग गोड बोलून पुन्हा सांगितले. सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती.

सहाव्या दिवशी ती वर आली.